उपयोगिता प्रमाणपत्र

मार्चची एकोणतीस तारीख. पतसंस्थेच्या ऑफिसात
पंखा फिरतो तेवढेच कागद हलतात.
पेडणेकर साहेब म्हणाले, अनुदानाचा हिशेब परवा गेला नाही
तर दुसरा हप्ता विसरा.

अनुदान कर्ज घेणाऱ्याला नाही.
देणाऱ्याला, म्हणजे आम्हाला,
छोट्या कर्जवाल्यांना बोट धरून चालवायला.
तासाला इतके, डोक्यामागे इतके.
सहीच्या जागी अंगठा चालेल.

मी येलूबाई धोत्रेचं पान उघडते.
विक्रोळी पार्कसाइट, टेकडीवर शेवटून तिसरी खोली.
तीस हजार, इडलीच्या पिठाच्या ग्राइंडरसाठी.
पूर्वीचा व्यवसाय : दारोदार फिरून पाट्याला टाकी लावणे.

पहिल्या दिवशी मी वही नेली होती, जमा-नावे आखलेली.
तिनं आधी वही बघितली, मग मला.
"कुणी दिली?"
सरकारनं.
"मला?"
नाही, आम्हाला. तुम्हाला शिकवायला.
"आणि मी नाही शिकले, तर पैसे परत नेतात?"
नाही.
"शिकले, तर मला देतात?"
नाही.
पिठाच्या हातानं पदर सावरत ती हसली,
"बरंय की. बैल उपाशी,
हाकणाऱ्याला पगार."

तरी मी शिकवलं.
तांदूळ, उडीद, वीज, पिशव्या,
आणि पाचव्या ओळीत तुमची मजुरी.
"माझी कसली?"
पहाटे तीनला उठता, तिची.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "शून्य टाक गं,
नाहीतर धंदा तोट्यात दिसंल."
मी शून्य टाकलं नाही. तासाला चाळीस लिहिले.
धंदा तोट्यात दिसला.
पुढच्या सोमवारी तिनं किलोमागे सहा रुपये वाढवले.
पाच गिऱ्हाइकं तुटली. दोन परत आली,
त्यातलं एक भांडत.
हा तास मी न अडखळता भरते.

ऑक्टोबरात दोन हप्ते चुकले.
पीठ जाडंभरडं यायला लागलं होतं,
मेकॅनिक म्हणाला, दगड गेला, नवा घ्या, साडेचार हजार.
मी मुदतवाढीचा अर्ज घेऊन टेकडी चढले,
तीन प्रतींत.
दारात ग्राइंडर उघडा पडलेला,
त्याचा दगड तिच्या मांडीवर गोणपाटात, तान्ह्यासारखा,
आणि हातात छिन्नी.
कॉटखालून काढलेली, तिच्या सासूची,
डोकं ठोकून ठोकून पसरलेली.

टक्. टक्. टक्.
वर न बघता म्हणाली, "बस. बघ.
दगड गुळगुळीत झाला की दाणा घसरतो,
धरायला त्याला काही उरत नाही.
पण लई खोल मारायचं नाही,
पिठात कच उतरते, लोकांच्या दाताखाली येते."
ठिपक्यांच्या रांगा, एकीला एक न चिकटलेल्या.
मी विचारलं, हे किती दिवस टिकतं?
"माणूस किती दळतो त्याच्यावर."
मग दगड धुतला, मूठभर जुना तांदूळ फिरवून
ते पहिलं पीठ फेकून दिलं.
अर्ज माझ्या पिशवीतच राहिला.
नोव्हेंबरात हप्ते आले,
निम्मे नाण्यांत. मोजायला अर्धा तास लागला,
तो कुठल्या रकान्यात घालायचा ते मला अजून कळलेलं नाही.

आता हा तक्ता.
तांत्रिक साहाय्य : किती तास?
मी दोन लिहिते.
कुणी कुणाला, असं विचारलेलं नाही.
पेडणेकर साहेब चष्मा वर करून शिक्का मारतात,
शाई थोडी पसरते, चालतं म्हणतात.

पावत्यांच्या पाकिटात
दगडाची ती बारीक पूड अजून आहे.
हप्ता लिहून घेताना
बोटांना लागते.